एएमएच वाढलेलं, आणि फॉलिकल्सही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेतला राग बाजूला ठेवला तर आक्षेप असा आहे: लेखात मी आधी म्हटलं की पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बीजांडकोशाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) अगदी सुरुवातीच्या टप्प्यातली फॉलिकल्स (बीजांडकोशातल्या, प्रत्येकी एक बीजांड असलेल्या छोट्या पिशव्या) नेहमीपेक्षा जास्त संख्येनं वाढीला लागतात. पुढे म्हटलं की एएमएच या संप्रेरकाची पातळी वाढलेली असते आणि एएमएच तर वाढ सुरू होण्यालाच अटकाव करतं. ‘दोन्ही एकाच वेळी खरं कसं?’ हा तुमचा सवाल. शिवाय असं असेल तर बीजांडांचा साठा लवकर संपेल, म्हणजे मी बायकांना उगाच घाबरवतोय, हेही तुम्ही सुनावलंत.

दोन्ही विधानं मी मागे घेणार नाही. तुमचा आक्षेप एका गृहीतकावर उभा आहे: रक्तात जेवढं एएमएच, तेवढाच त्याचा प्रभाव प्रत्येक फॉलिकलवर. तसं नसतं.

सुप्त फॉलिकल एएमएच जवळजवळ बनवतच नाही. वाढ सुरू झाली की बीजांडाभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी ते बनवू लागतात. सगळ्यात जास्त बनवतात ती द्रव भरलेली छोटी फॉलिकल्स, साधारण ८ मिलिमीटरपर्यंतची. पुढे उत्पादन घसरतं. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा मुख्यतः या गटाचा. पीसीओएसमध्ये हा गट मोठा असतो, वर त्यातली प्रत्येक पेशीही जास्त एएमएच बनवते. म्हणून आकडा बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट दिसतो.

अटकाव हवा असतो तो मात्र दुसरीकडे, सुप्त आणि नुकत्या जाग्या होणाऱ्या फॉलिकल्सपाशी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पॉलिसिस्टिक बीजांडकोशाच्या ऊतींचे काप घेऊन त्यांत एएमएच कुठे आहे ते तपासलं. पाळी नियमित न येणाऱ्या, बीजांड न सुटणाऱ्या स्त्रियांमध्ये नेमक्या या पहिल्या टप्प्यातल्या फॉलिकल्समध्ये ते कमी आढळलं. रक्तात भरपूर, पण जिथे गरज तिथे तुटवडा! त्याआधी २००३ मध्ये अशाच ऊतींत वाढीला लागलेल्या फॉलिकल्सचं प्रमाण जास्त असल्याचं दिसलं होतं. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना धरून आहेत.

वाढीकडे ढकलायला अँड्रोजन्स (टेस्टोस्टेरॉनसारखी ‘पुरुषी’ संप्रेरकं, जी स्त्रियांतही थोडी असतात) असतातच. १९९८ च्या एका प्रयोगात ऱ्हीसस माकडिणींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर वाढत्या छोट्या फॉलिकल्सची संख्या वाढली होती. पीसीओएसमध्ये एलएच (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) आणि इन्शुलिन मिळून बीजांडकोशातल्या थीका पेशींकडून अँड्रोजन्स जास्त बनवून घेतात. त्यातच इन्शुलिनमुळे यकृतातून एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी सुटतं, आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं.

मग एवढी वाढीला लागलेली फॉलिकल्स पुढे जातात कुठे? बहुतेक कुठेच नाही, आणि खरी मेख इथे आहे. पहिल्या टप्प्यांना एफएसएचची (फॉलिकल वाढवणारं पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक) फारशी गरज नसते, नंतरच्यांचं त्यावाचून चालत नाही. रक्तातलं वाढलेलं एएमएच इथे अडवतं: मोठ्या गटातल्या पेशींची एफएसएचला दाद देण्याची क्षमता ते कमी करतं. भरीला, एलएचला प्रतिसाद द्यायची वेळ एरवी साधारण १० मिलिमीटरच्या आसपास येते. बीजांड न सुटणाऱ्या पीसीओएसमध्ये ती ४ मिलिमीटरलाच आलेली आढळते, आणि वाढ अकाली थांबते. सोनोग्राफीत बीजांडकोशाच्या कडेनं ओळीनं दिसतात ती हीच खोळंबलेली फॉलिकल्स. ती मेलेली नसतात. लेट्रोझोल या औषधानं एफएसएच थोडं वाढवलं की त्यातलं एखादं पुन्हा वाढू लागतं, बीजांड सुटतं. हे उपचार त्याच आधारावर चालतात.

साठा संपण्याचं म्हणाल तर भीती मी घातलीच नव्हती. पीसीओएसमध्ये रजोनिवृत्ती लवकर येते असं दिसत नाही. काही अभ्यासांत तर ती थोडी उशिराच आलेली आहे.

आता तुमच्या भाचीबद्दल. शेवटच्या दोन ओळींत तुम्ही लिहिलंय की ती १५ वर्षांची आहे आणि फक्त एएमएच जास्त आलं म्हणून तिला पीसीओएस असल्याचं सांगितलं. खरं तर प्रतिक्रिया इथूनच सुरू व्हायला हवी होती. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सोनोग्राफीऐवजी एएमएच वापरता येतं, पण फक्त प्रौढ स्त्रियांमध्ये. किशोरवयात निदानासाठी एएमएचही नको आणि सोनोग्राफीही नको, कारण पहिल्या पाळीनंतरच्या काही वर्षांत भरपूर छोटी फॉलिकल्स असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. तिथे दोन गोष्टी बघतात: पाळीतली अनियमितता आणि अँड्रोजन्स वाढल्याची लक्षणं किंवा रक्ततपासणी. पहिली पाळी येऊन १ ते ३ वर्षं झाली असतील तर ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही त्या वयाला चालतं. तिची पहिली पाळी कधी आली, आता किती दिवसांनी येते आणि टेस्टोस्टेरॉन तपासलंय का, एवढं तिच्या आईला विचारा आणि ते घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटा.