होडीला टाके घालताना मागे कोणी उभं राहू नये

कालपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. स्टिच अँड ग्लूची छोटी होडी बांधतोय, म्हणजे प्लायवूडचे पॅनल कापायचे, कडेच्या जरा आत भोकं पाडायची, त्यातून तांब्याची तार नाहीतर झिप टाय (आवळून बांधायची प्लास्टिकची पट्टी) ओवून पॅनल एकमेकांना बांधायचे आणि जोडावर इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा गोंद. व्हिडिओत हे सगळं चहा निवायच्या आत होतं.

खरी गोम अशी की टाय आधी ढिलेच ठेवायचे असतात. मग दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत जायचं, मधूनमधून नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचं अंतर ताडून बघायचं, कारण इपॉक्सी एकदा वाळलं की होडीत राहिलेला पीळ जन्माचा. तर सगळं मापात आणलं, रेझिन-हार्डनर कालवलं, लाकडाची भुकटी घालून घट्ट केलं, आणि शेजारचे काका आले.

"काय शिवताय?"

"होडी."

"खिळे का नाही मारत?"

"सहा मिलिमीटरचा प्लाय आहे काका, कडेत खिळा मारला की फाटतो."

"मग जाड घ्यायचा."

"जाड वाकत नाही."

"मग वाकवता कशाला? सरळच करा की, चौकोनी. आतमध्ये जागापण होईल."

ह्याला काय उत्तर देणार? आणि हातातलं इपॉक्सी थांबत नाही हो, कपात साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं आणि भराभर आळतं. मी पसरट ट्रेमध्ये ओतायला वळलो तेवढ्यात मागून कर्रर्र. "हा एक ढिला राहिला होता बघा," काका म्हणाले. अगदी प्रेमाने. झिप टाय एकदा आवळला की मागे येत नाही. एका पॅनलची कड दुसऱ्यावर चढून बसली, टाय कापेपर्यंत कपाला हात लाववेना, सगळं रेझिन फुकट.

१९६३ साली बाजारात आलेली मिरर डिंगी ही शिडाची छोटी होडी अशीच तांब्याच्या तारेच्या टाक्यांवर घरोघरी बांधली गेली, आजवर ७०,००० च्या वर झाल्या म्हणे. म्हणजे तेवढेच काका आले. त्या लोकांनी होड्या पुऱ्या कशा केल्या ह्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आणि एक सांगतो, राग प्रश्नांचा नाही. पॅनल जोडताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो, तेव्हा हाका मारून घसा बसला तरी कोणी फिरकत नाही. पॉलिशपेपर मारायच्या दिवशी तर आख्खी गल्ली बाहेरगावी. सल्ला द्यायला मात्र सगळे मोकळे.

आज काका मेव्हण्यांना घेऊन आले. मेव्हणे म्हणे सुतारकामातले जाणकार. त्यांनी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "डावीकडे कललीय."

अहो, जमीन उतरती आहे तिथली! पण सांगतो कुणाला, दोघंही तोवर रंग कुठला द्यायचा ह्यावर आले होते.