"पिऊन असणार" म्हणण्याआधी

रविवारी भाच्याला घेऊन कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. तेरा वर्षांचं पोरगं, अंगात लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची लाल जर्सी, पाठीवर त्यांच्या जोटाचं नाव आणि त्याचा 20 नंबर. हाफटाइमला बाहेर चहाच्या गाड्यावर उभे होतो. तिथं एक ओळखीचे गृहस्थ भेटले. वयानं मोठे, पेठेत शब्दाला मान असलेले. जर्सी बघून म्हणाले, "हा तोच न्हवं, पिऊन गाडी ठोकली?" आणि चहाचा घोट घेऊन दुसऱ्या विषयाकडे वळले. पोरगं काही बोललं नाही. सेकंड हाफमध्ये मात्र एकदाही ओरडलं नाही. घरी येताना गाडीवर मागून हळूच विचारलं, "मामा, खरंच प्यालेला होता का तो?"

त्याला रात्री जे सांगितलं ते इथंही लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

डिओगो जोटा 3 जुलै 2025 च्या मध्यरात्रीनंतर, साडेबाराच्या सुमारास गेला. स्पेनमधला झामोरा प्रांत, ए-52 महामार्ग. सोबत धाकटा भाऊ आंद्रे, तोही फुटबॉलपटू. जोटा 28 वर्षांचा, आंद्रे 25. जोटाच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते आणि घरी तीन लहान लेकरं. त्याच्या फुप्फुसाची शस्त्रक्रिया झालेली म्हणून डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं होतं, त्यामुळे हे दोघं सांतांदेर बंदराकडे निघाले होते, तिथून बोटीनं इंग्लंडला जायला. पोलिसांनी सांगितलं की ओव्हरटेक करताना टायर फुटला, गाडी रस्त्याबाहेर गेली आणि पेटली. पुढं म्हणाले, वेग मर्यादेपेक्षा बराच जास्त असावा. त्याच रस्त्यानं चाललेला एक ट्रकचालक म्हणाला, ते वेगात नव्हते. म्हणजे पुढं आलेली चर्चा टायरची आणि वेगाची.

मग दारू आली कुठून? दारू आपण आणली. तरुण पोरं, महागडी लॅम्बोर्गिनी, रात्रीची वेळ, ताजं लग्न. बेरीज करून आपण मोकळे.

रिषभ पंतचं आठवा. 30 डिसेंबर 2022, पहाटे, दिल्लीहून रुरकीला आईकडे चाललेला, गाडी दुभाजकाला धडकून पेटली. थर्टी फर्स्ट तोंडावर, एवढाच पुरावा धरून दुपारपर्यंत आमच्या ग्रुपवर निकाल लागला होता. पोलिसांनी सांगितलं की तो प्यालेला नव्हता, आणि प्यालेला माणूस दिल्लीहून एवढं अंतर गाडी चालवत आलाच नसता. तो वाचला, पुन्हा खेळला, 2024 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलेल्या संघात होता. त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं. जो वाचत नाही त्याचं कोण सांगणार?

हे मला एवढं का लागतं, ते आता सांगतो.

माझा मावसभाऊ 2017 साली हायवेवर गेला. सव्वीस वर्षांचा, पेठेतल्या फुटबॉल संघाकडून हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचा. पोटापाण्याला पुण्यात, पण मॅच असली की शिफ्ट संपवून रात्रीच निघायचा. त्या दिवशी पहाटे किणी नाक्याच्या अलीकडे रस्त्यात बंद पडलेला ट्रक उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिवसा लोक झाडाची फांदी तरी खोचतात. तिथं नुसते चार दगड मांडले होते. भाऊ थेट ट्रकच्या मागे घुसला.

आम्ही पोचायच्या आत फोटो फिरत होता. चेपलेली गाडी, आणि खाली गवतात फुटलेली बिअरची बाटली. आमच्या हायवेला ढाब्यांच्या आसपास कुठंही उतरा, अशा बाटल्या पायात येतात. पण फोटोत ती गाडीजवळ होती. दुपारी एका बातमीत "मद्यधुंद" शब्द आला. संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर माझ्या मागं उभे असलेले दोघं हळू आवाजात तेच बोलत होते.

तो कधीच प्यायचा नाही असं मी म्हणणार नाही. सीझन संपल्यावर मित्रांत बसायचा. पण त्या रात्री कामावरून सरळ निघाला होता, आणि सकाळी नऊला त्याला मैदानात उतरायचं होतं.

रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला गेले. अहवाल यायला चार महिने लागले. तोवर विम्याचा दावा अडून, कारण अपघात विम्यात दारू आढळली तर पैसे नाकारता येतात. आमच्या आण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, पैशाचं काही नव्हतं. अहवाल आला, त्यात "इथिल अल्कोहोल आढळले नाही" असं होतं. आण्णांनी त्याची झेरॉक्स काढली, लॅमिनेशन करून घेतली, आणि बंडीच्या खिशात घालून फिरू लागले. दूध आणायला जाताना, तालमीसमोर, लग्नाच्या मांडवात. कुणी नुसतं "कसं झालं हो" म्हटलं की ते खिशात हात घालायचे. तो कागद दुमडता येत नव्हता, त्यामुळे खिशाच्या वर चार बोटं कायम दिसायचा. लोक वाचायचे, "असं होय" म्हणायचे, पुढं जायचे. एकानंही येऊन सांगितलं नाही की आण्णा, मी तेव्हा चुकीचं बोललो होतो.

आणि तो ट्रक? त्याचं पुढं काय झालं हे कुणी विचारलंच नाही. "पिऊन होता" म्हटल्यावर चौकशी तिथंच संपते. टायर बघायला नको, रस्ता बघायला नको, झोप लागली का विचारायला नको. ते चार दगड तेराव्यापर्यंत तिथंच होते. मी स्वतः जाऊन उचलले.

कुणाला वाटेल मी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची बाजू घेतोय. अजिबात नाही. कायद्यानं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, त्याच्या वर गेलेल्याला सोडू नये, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. पण ते रक्त ठरवतं, वास किंवा गवतातली बाटली नाही. रक्ताचंही शास्त्र आहे. मृत्यूनंतर देह कुजायला लागला की जंतूंमुळे शरीरातच थोडं अल्कोहोल तयार होऊ शकतं. म्हणून नमुन्यात सोडियम फ्लोराइड घालतात, म्हणून डोळ्यातला द्रवही तपासतात. ज्यांचं हे रोजचं काम आहे ते इतकं जपून बोलतात, आणि आपण चहा संपायच्या आत सांगून मोकळे होतो.

अहवालात दारू निघाली तरी प्रश्न संपतातच असं नाही. धावणाऱ्या मित्रांना अमेरिकन धावपटू स्टीव्ह प्रीफॉन्टेन माहीत असेल. अमेरिकेचे 2000 मीटरपासून 10000 मीटरपर्यंतचे विक्रम त्याच्या नावावर होते. 30 मे 1975 ला, चोविसाव्या वर्षी, युजीन गावात गाडी उलटून त्याखाली सापडून गेला. रक्तात 0.16 टक्के अल्कोहोल निघाल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे आपल्या मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. त्या रात्री सोबत असलेले म्हणत राहिले की तो एवढा प्यालेला नव्हता, नमुना कसा हाताळला यावरही वाद झाला. मला विचाराल तर आकडा आहे तर तो मानावा, आणि वाद आहे तर तोही सांगावा. तिथल्या लोकांनी मात्र त्या आकड्यावर त्याचं अख्खं आयुष्य मोडीत काढलं नाही. तो गेला त्या खडकापाशी धावपटू अजून आपली मेडलं आणि बूट ठेवून येतात.

भाच्याला एवढंच म्हटलं की पोलिसांनी टायर आणि वेग सांगितलाय, आपणही तेवढंच सांगायचं. त्यानं विचारलं, "मग ते आजोबा तसं का बोलले?" खूप वेळ विचार केला. मला वाटतं भीतीपोटी. तो प्यालेला होता म्हटलं की आपण पीत नाही म्हणून आपल्याला काही होणार नाही, एवढा धीर मिळतो. ते गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या भावाच्या वेळी पहिल्या रात्री आमच्याकडे जेवणाचा डबा त्यांच्याच घरून आला होता. पुढच्या मॅचला भेटले की मी त्यांना बाजूला घेऊन बोलणार आहे.

आण्णा आता नाहीत. 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा मावशीनं एकच पिशवी बाहेर आणली होती. त्यात रेशनकार्ड, सातबारा आणि तो लॅमिनेट केलेला कागद. परवा कपाट आवरताना तो हातात धरून मला म्हणाली, "आता कुणाला दाखवायचाय रं, ठेवू का टाकू?"

मी म्हटलं, ठेव मावशी.