दोन्हीकडचा चहा

वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रंथपाल आणि जर्नलं विकणारी कंपनी यांच्यातला दुवा व्हायचंय? मग एकच पथ्य पाळा : एकाचं म्हणणं दुसऱ्याला नीट कळू देऊ नका. कळलं तर तुमचा चहा बंद.

ट्रायल, म्हणजे जर्नलांचा काही दिवसांचा फुकट वापर, लावायची ती पीजीच्या पोरांना प्रबंधाचा सिनॉप्सिस (आराखडा) द्यायचा असतो त्या महिन्यात. वापर असा फुगेल की डीनसाहेबही मान डोलावतील.

मग कॉलेजच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता मागवा; तो ओळखूनच प्रकाशकाचा सर्व्हर जर्नलं उघडतो. संगणक विभाग बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा पाठवेल. तो आतल्या नेटवर्कचा, प्रकाशकाच्या सर्व्हरला दिसणारच नाही. पण बोलू नका, तसाच पुढे सरकवा. ओरड झाली की पब्लिक स्टॅटिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा आणि न बदलणारा पत्ता, मागा. तो जोडल्यावरही रुग्णालयाची लाइन वेगळ्या कंपनीची असेल तर वॉर्ड कोरडेच. रात्री दोन वाजता संदर्भ लागतो तो वॉर्डातच, पण निवासी डॉक्टर खरेदी समितीवर थोडेच असतात?

खरं कसब आकड्यांत. काउंटर अहवाल, म्हणजे जर्नलं किती वापरली याचा ठरावीक नमुन्यातला हिशेब, मागितला तर 'टोटल आयटम इन्व्हेस्टिगेशन्स'चा रकाना पुढे करा. नुसता गोषवारा चाळणाराही त्यात मोजला जातो. फारच खोलात गेले तर 'टोटल आयटम रिक्वेस्ट्स' दाखवा. एकाच बैठकीत एकच लेख आधी एचटीएमएल, मग पीडीएफ असा उघडला की तिथे दोन होतात. 'युनिक आयटम रिक्वेस्ट्स'मध्ये मात्र एकच धरतात, म्हणून ते नाव तोंडून काढू नका. ग्रंथपालांनी बिलाला त्या आकड्याने भागलं, तर लेख सुटे घेणंच स्वस्त पडतं असा भलताच शोध लागायचा. 'नो लायसन्स'चा तक्ता मात्र न मागता द्या. पॅकेजात नसलेल्या जर्नलांच्या दारातून किती जण परतले ते त्यात असतं. पुढच्या विक्रीची आयती सोय.

सरकारी महाविद्यालयांना २०२५पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून ३० प्रकाशकांची हजारो जर्नलं मिळतात. तुमची यादी त्या यादीशेजारी ठेवू देऊ नका. 'हा माल फक्त आमच्याकडेच मिळतो' असं सांगणारं प्रोप्रायटरी सर्टिफिकेट जोडा, म्हणजे तीन दरपत्रकांची कटकट टळेल, आणि इन्व्हॉइस मार्चअखेरीस धाडा. तेव्हा निधी परत जायच्या धास्तीने करार वाचतो कोण?

एखाद्याने वाचलाच आणि वर्गणी थांबल्यावर पैसे भरलेल्या वर्षांचे अंक उघडतील का असं विचारलं, तर "लीगलला विचारून सांगतो" म्हणा आणि रिन्यूअलपर्यंत सांगू नका.