उद्यम नोंदणी रद्द करून ऑर्डर टिकत नाहीत

इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांत आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या जॉबवर्कवाल्यांत २०२४ पासून एक सल्ला फिरतो आहे: ‘४५ दिवसांच्या नियमामुळे व्यापारी आणि कंपन्या लहान कारखान्यांना टाळतात. उद्यम नोंदणी रद्द करा, ऑर्डर टिकतील.’ उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. आणि नियम असा: नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र नफ्यातून वजा करता येत नाही. पुढच्या महिन्यात काम असेल की नाही याचा भरवसा नसला की असा सल्ला पटकन पटतो. पण त्यामागची कारणं एकेक करून पाहिली, तर बहुतेक टिकत नाहीत.

‘मुदत उलटली की खरेदीदाराचा खर्च कायमचा बुडतो.’ नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) ही वजावट फक्त पुढच्या वर्षात ढकलतं. समजा, १० लाखांचा माल १० जानेवारीला स्वीकारला आणि लेखी मुदत ४५ दिवसांची आहे. ती २४ फेब्रुवारीला संपली. पैसे २० मार्चला दिले तरी वजावट त्याच वर्षी मिळते, कारण ३१ मार्चच्या आत रक्कम चुकती झाली. १० एप्रिलला दिले तर मात्र ती पुढच्या वर्षी मिळते. २५.१७ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला यंदा सुमारे २ लाख ५२ हजार जादा भरावे लागतील, आणि पुढच्या वर्षी नफा असेल तर तेवढाच कर कमी होईल. उलट १ मार्चला स्वीकारलेल्या मालाचे पैसे १५ एप्रिलपर्यंत दिले, तर वजावट जुन्याच वर्षाची. म्हणजे हा जाच मुख्यतः जानेवारी ते मार्चच्या बिलांपुरता आहे. वर्षभराच्या ऑर्डरी त्यावर सोडून देणं शहाणपणाचं नाही.

‘४५ दिवस तर सगळ्यांनाच असतात.’ या गैरसमजात माल देणाराच फसतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. करार असेल तर त्यात लिहिलेली, पण ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. पर्चेस ऑर्डरवर ‘९० दिवस’ छापलं असलं तरी कायद्यापुढे ते ४५च.

‘नियम सगळ्या खरेदीदारांवर आहे, सुटका कुणालाच नाही.’ हेही चूक. कलम ४४एडीखाली अंदाजे नफा दाखवून कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ४३बी(एच) लागतच नाही. ऑर्डर काढून घेण्याची भीती घालणारा तोच असेल, तर त्याची अडचण वेगळी आहे. दुसऱ्या बाजूने, सूत विकणारा व्यापारी उद्यममध्ये नोंदला असला तरी उशिराच्या पैशांचं संरक्षण त्याला नाही. ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे. सुताला खळ लावून देणारा सायझिंगवाला, पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने) मजुरी घेऊन दुसऱ्याच्या सुताचं कापड विणून देणारा खर्चीवाला, टर्निंग-मिलिंग करून देणारा वर्कशॉपवाला हे सगळे त्यात येतात. मध्यम उद्योग येत नाही.

‘नोंदणी रद्द केली की प्रश्न मिटला.’ मिटत नाही, वाढतो. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल थकलं तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. डिसेंबर २०२५ च्या ५.५० टक्के बँक रेटने ते १६.५ टक्के होतं. १० लाखांवर तीन महिन्यांत साधारण ४१,८०० रुपये. खरेदीदाराला हे व्याज आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. नोंदणी गेली की पुढच्या पुरवठ्यावर हा दावा करणं कठीण होतं. नंतर पुन्हा नोंदणी करू म्हणावं, तर सिल्पी इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जुन्या पुरवठ्याला नव्या नोंदणीचा फायदा नाकारला. शिवाय ट्रेड्सवर, म्हणजे थकीत होण्याआधीच बिल वित्तसंस्थांना विकण्याच्या ऑनलाइन मंचावर, बिल विकता येत नाही आणि सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या निधीच्या हमीवरचं विनातारण कर्जही अडतं. एप्रिल २०२५ पासून त्या हमीची मर्यादा १० कोटींवर गेली आहे, आणि नेमकी आत्ताच नोंदणी सोडायची?

सल्ल्यात खरं काहीच नाही असं नव्हे. काही खरेदीदार मार्चच्या तोंडावर काम मध्यम किंवा बिगरनोंदणीच्या कारखान्याकडे वळवतात, आणि एकट्या खर्चीवाल्याची त्यापुढे ताकद कमी पडते. पण नोंदणी सोडून तो काय मिळवतो? महिन्याला ८ लाखांचं बिलिंग असलेल्या वर्कशॉपचे पैसे ९० दिवसांनी आले तर २४ लाख अडकतात, ४५ दिवसांनी आले तर १२ लाख. जादा अडकलेल्या १२ लाखांवर कॅश क्रेडिटचं ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ३२ हजार. नवं मशीन घ्यायचं की थांबायचं, हे ठरवताना मालक हाच आकडा पाहतो.

ऑर्डर सांभाळायची असेल तर आधी लेखी ४५ दिवस मागा. जानेवारी-मार्चचं वेळापत्रक खरेदीदाराच्या अकाउंटंटबरोबर बसून ठरवा. खरेदीदार कंपनी असेल आणि उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर येणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथे त्याने बिल मान्य केलं की वित्तसंस्था बोली लावतात, तुम्हाला पैसे लगेच मिळतात आणि खरेदीदाराला मुदत मिळते. अडतं ते मान्यतेपाशी: नाव नोंदवूनही काही कंपन्या बिलं मान्य करत नाहीत. म्हणून बिल ट्रेड्सवर मान्य करण्याची अट पर्चेस ऑर्डरमध्येच घालून घ्या.

आणि कागद. थकीत बिलांच्या तक्रारींच्या समाधान या सरकारी पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) गेलेले दावे बऱ्याचदा यातच रखडतात. डिलिव्हरी चलनावर सही असते, तारीख नसते. मग मुदत कुठून मोजायची यावरच वाद. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो, पण पोचल्याची तारीखच सिद्ध होत नसेल तर त्याचा उपयोग नाही. ‘ऑन अकाउंट’ आलेली रक्कम कुठल्या बिलाची हे वहीत लिहिलेलं नसतं. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘सूक्ष्म’ किंवा ‘लघु’ हा वर्ग छापा, चलनावर शिक्का, सही आणि तारीख तिन्ही घ्या, दर तिमाहीला खातेउतारा जुळवून त्यावर सही घ्या. कौन्सिलचा निवाडा तुमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान देण्यासाठी खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.