ब्रोशरचे ११,२०० पौंड आणि दाराचे १,५४० पौंड

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचा विचार बोलून दाखवला की हमखास एक सल्ला मिळतो. फॉरवर्ड होऊन होऊन तो आता पाठच झालाय लोकांचा. थोडक्यात असा: 'तुमचा हाफ-टन (म्हणजे वजनी वर्गात खालचा, रोजच्या वापराचा) पिकअप ट्रक ११,००० पौंड ओढतो. ट्रेलर रिकामा ६,००० चा, म्हणजे जेमतेम निम्मा. ट्रक भाराने मागून खाली बसला तर एअर बॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगांना आधार देणारे हवेचे फुगे, लावा. ब्रेक म्हणाल तर ट्रेलरला स्वतःचे असतात. ट्रक बदला म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि बदलायचाच झाला तर सरळ थ्री-क्वार्टर टन, म्हणजे एक वर्ग वरचा, डिझेल ट्रक घ्या, विषय संपला.'

मी याच हिशोबावर दोन उन्हाळे ट्रेलर ओढला. तेव्हा पुढे ज्या चुका काढतोय त्या आधी माझ्याच आहेत.

'ट्रक ११,००० पौंड ओढतो.'

ओढतो, यात खोटं काही नाही. माझ्या ट्रकचा आकडा ११,२०० होता. हे आकडे हल्ली एसएई जे२८०७ या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेने ठरवलेल्या चाचणीवरून ठरतात. त्यातला चढाचा भाग ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या रस्त्यावरचा: ११.४ मैलांचा चढ, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. चाचणी कडक आहे. पण तिच्यात ट्रकमध्ये माणसं किती धरतात? दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. शिवाय हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्याच्या, सामानासाठी थोडं वजन. मागच्या सीटवर पोरं नाहीत, बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) सायकली नाहीत, जनरेटर नाही, लाकडं नाहीत. असा सडाफटिंग संसार घेऊन कॅम्पिंगला कोण जातं?

ट्रक किती ओढतो हा प्रश्न मुळात दुय्यम आहे. तो पाठीवर किती घेतो ते बघा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर टायरच्या हवेचा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. माझा १,५४०. ट्रक घेऊन तीन वर्षं झाली होती, रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होतो, आणि तो स्टिकर मी पहिल्यांदा वाचला तो गुडघ्यावर बसून, मोबाइलच्या उजेडात.

हा आकडा मॉडेलचा नसतो, तुमच्या दारातल्या त्या एका ट्रकचा असतो. एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन ट्रक शेजारी उभे असतात आणि सनरूफ, मोठी चाकं, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या यांपायी एकाचा पेलोड दुसऱ्यापेक्षा काहीशे पौंडांनी कमी भरतो. म्हणून 'माझ्या मित्राकडे हाच ट्रक आहे, तो आरामात ओढतो' याला काडीचा अर्थ नाही.

आता या १,५४० मधून वजा काय होतं ते बघू. आम्ही चौघं, ड्रायव्हर धरून, ५००. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारी हिच, १००. बेडमधलं सामान ३००. झाले ९००. उरले ६४०. आणि ट्रेलर अजून जोडलेलाच नाही.

जोडला की त्याच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. याला टंग वेट म्हणतात. माझं भरलं ९६०. एकूण १,८६०. दाराने परवानगी दिली होती १,५४० ची. आणि ट्रेलरचं वजन मात्र ब्रोशरच्या आकड्याच्या दोन तृतीयांशसुद्धा नव्हतं! नाकापेक्षा मोती जड तो इथे, हिचच्या बॉलवर.

'मग टंग वेट कमी करा, सामान मागे सरकवा.'

मूळ सल्ल्यात हे नाही, पण आकडा दाखवला की पुढचा माणूस लगेच हेच म्हणतो. कृपा करून करू नका. बैलगाडी मागून जड झाली की तिला उलाळ म्हणतात. पुढचं टोक वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. ट्रेलरचंही तेच. पुढचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की हायवेवर शेजारून मोठा ट्रक जाताना ट्रेलर झुलायला लागतो, आणि एकदा झोके वाढले की तो ट्रकलाच फिरवतो. टंग वेट ही काटकसर करायची जागा नाही.

'ट्रेलर रिकामा ६,००० चा.'

माझा तर ५,९०० चाच होता, ब्रोशरवर. काट्यावर भरला ७,१२०. मधले बाराशे पौंड कुठून आले? पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४. प्रोपेनचा २० पौंडी सिलिंडर भरला की बाटलीसकट ३७ च्या आसपास, तसे दोन, तेही अगदी पुढे. बॅटरी बहुतेक वेळा डीलर नंतर बसवतो, तीही पुढेच. मग गाद्या, भांडी, डबे, खुर्च्या, नळ्या, ठोकळे, आणि 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेलं बाकीचं. रिकामा ट्रेलर फक्त फॅक्टरीच्या दारात असतो. खरेदीआधी हिशोब करायचाच, तर ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे त्याच्या कमाल वजनावर करावा आणि त्याचे १३ टक्के टंग वेट धरावं. पुढे आश्चर्याचे धक्के कमी बसतात.

'मागून बसला तर एअर बॅग लावा.'

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच. एअर बॅगने ट्रक सपाट दिसतो. ॲक्सल, बेअरिंग, चाकं, टायर यांच्यावरचा भार तेवढाच राहतो, आणि दारावरचा एकही आकडा बदलत नाही. शिवाय हिच मागच्या ॲक्सलच्या चार-पाच फूट मागे असल्यामुळे तिथे तरफ तयार होते. ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर मी हे तीनदा वजन करून पाहिलं. पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या फळीवर घ्यायची, बटण दाबायचं, स्पीकरमधून आवाज येतो, 'पहिलं वजन की पुन्हा?' पुन्हाला पैसे कमी पडतात. सगळं मिळून जेवणापेक्षा स्वस्त.

नुसता ट्रक, आम्ही आणि सामान: पुढे ३,२६०, मागे ३,१००. ट्रेलर जोडला, हिचचे बार न ताणता: पुढे २,८४०, मागे ४,४८०. म्हणजे हिचवर आले ९६० पौंड, पण मागच्या ॲक्सलवर चढले १,३८०, कारण पुढच्या चाकांवरचे ४२० उचलले गेले. ज्या चाकांनी वळायचं तीच हलकी. एअर बॅग मागचा भाग वर उचलते, हे ४२० पुढे परत आणत नाही.

परत आणतात ते वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे बार. ते ताणून तिसरं वजन केलं: पुढे ३,२४०, मागे ३,९२०, ट्रेलरच्या ॲक्सलवर ६,३२०. फार सुधारलं. स्टिअरिंगला जीव आला, १६० पौंड ट्रेलरच्या चाकांकडे गेले. तरीही माझ्या मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८०० होती आणि ट्रकची एकूण ७,०००. ॲक्सल १२० ने वर, ट्रक १६० ने वर. ही पावती हातात घेऊन मी बराच वेळ नुसताच बसून होतो. 'काय झालं?' बायकोने विचारलं. म्हटलं, 'काही नाही, लाकडं जरा जास्त झालीत.' लाकडं ऐंशी पौंडांचीही नव्हती.

'ब्रेक ट्रेलरला स्वतःचे असतात.'

असतात, आणि असलेच पाहिजेत. पण ते बहुतेक ट्रेलरवर विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात, आणि लांब उतारावर सतत दाबून ठेवले तर तापून ढिले पडतात. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना उतार ७ टक्क्यांपर्यंत जातो. तिथे तुम्हाला धरून ठेवतो तो खालचा गिअर. ट्रक जितका मर्यादेच्या वर, तितकी त्याच्या हातात शिल्लक कमी. चढण्याची चिंता लोक फार करतात, उतरण्याची कोणी करत नाही.

चढण्याच्या बाबतीत मात्र सल्ला बरोबर आहे, हे मान्य करतो. आजच्या हाफ-टनातलं टर्बो इंजिन ताकदीला कमी पडत नाही, उंचीवरही नाही. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. टर्बोला तो फटका फारसा बसत नाही. म्हणून तर फसायला होतं. ट्रक कुरकुर करत नाही.

'ट्रक बदला म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.'

अर्धं ऐका. ट्रेलर भरून ५,००० पौंडांच्या आत असेल आणि घरची माणसं तीन-चार, तर बऱ्याच हाफ-टनांना तो पेलतो. उगाच कर्ज काढून मोठा ट्रक आणू नये. वर्षातले तीनशे दिवस तो रिकामाच ऑफिसला जाणार, आणि रिकामा थ्री-क्वार्टर टन प्रत्येक खड्डा मणक्यात पोचवतो. ट्रेलर अजून घेतलेला नसेल तर लहान ट्रेलर घेणं हा सर्वांत स्वस्त अपग्रेड. आमचा ट्रेलर घेऊन झाला होता, पोरांच्या बंक बेडच्या वाटण्याही झाल्या होत्या. तो दरवाजा बंद होता.

'बदलायचाच तर सरळ डिझेल.'

इथे लोक आगीतून फुफाट्यात जातात. बऱ्याच थ्री-क्वार्टर टन ट्रकांचं कमाल वजन १०,००० पौंडांवर अडवलेलं असतं, कारण त्याच्या वर गेलं की ट्रकचा वजनी वर्ग बदलतो. डिझेल इंजिन पेट्रोलवाल्यापेक्षा काहीशे पौंडांनी जड. वरची मर्यादा तीच, ट्रक जड, म्हणजे कापला जातो तो पेलोड. डिझेलचं ओढण्याचं बळ आणि इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा एक्झॉस्ट ब्रेक उतारावर सोन्यासारखा, यात वाद नाही. पण माझी अडचण ओढण्याची नव्हतीच, पाठीवर घेण्याची होती.

डीलरकडे पहिल्याच डिझेलचं दार उघडलं. चामड्याच्या सीट, चारी दारं, फोर-व्हील ड्राइव्ह, झगमगाट. स्टिकर: १,९८०. मला लागत होते १,८६०. लाखभर डॉलरांच्या आसपासची किंमत देऊन १२० पौंडांची शिल्लक! सेल्समन मला स्क्रीनवर ट्रेलरचा कॅमेरा दाखवत होता आणि मी ओळीने दारं उघडत, वाकून स्टिकर वाचत पुढे सरकत होतो. मागच्या रांगेत पेट्रोलचा एक साधा पांढरा ट्रक उभा होता, कापडी सीटचा, कोणीतरी कामासाठी वापरून परत केलेला. स्टिकर: ३,०१२.

'तो?' सेल्समन म्हणाला. 'त्यात सनरूफ नाहीये.'

म्हटलं, म्हणूनच.