मगरीचं पिल्लू आणि काळी पाच

परवा संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर दोन तरुण. एकाच्या हातात जाळी, दुसऱ्याच्या हातात ओलं गोणपाट आणि चिकटपट्टीचं रीळ.

"साहेब, मगर क्यां छे?"

हा प्रश्न बडोद्यात कुणी विचारला तर त्याला वेड्यात काढत नाहीत. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या थेट वस्तीत आल्या होत्या. त्यामुळे पावसाळ्यात कुणाच्या दारात जाळीवाले दिसले की शेजारपाजारचे एवढंच विचारतात, "मोठी आहे का हो?" पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. आणि घरात मगर नव्हती. सातवीतली लेक होती, तिच्या तोंडात क्लॅरिनेट होतं.

पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी शाळेच्या बँडमध्ये तिची निवड झाली. बँडला सर एकच. त्यांनी वाद्य जोडायचं कसं ते दाखवलं, मुलांना पेट्या देऊन घरी पाठवलं आणि ग्रुपवर लिंकांची रांग लावली. शेवटी एक ओळ: "पालकांनी सराव करून घ्यावा." कुठल्या पालकांनी? मी कॉस्ट अकाउंटंट आहे.

"मीच फोन केला," जाळीवाल्यांच्या मागून आवाज आला. वरच्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते यूट्यूबवर प्राणिजीवन बघतात आणि खाली येऊन सांगतात.

"काका, ते क्लॅरिनेट आहे."

"मला शिकवू नका. आठवडाभर ऐकतोय. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लं आतूनच हाक देतात. मग मादी येऊन घरटं उकरते. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

त्यांनी तो पूर्ण आवाजात लावला. च्यांव, च्यांव, च्यांव. लेकीच्या वरच्या सप्तकाशी त्याचं साम्य होतं. पण जिन्यात, परक्या माणसांदेखत, ते मी का मान्य करू?

"आता पिल्लं हाका मारतायत, म्हणजे मादी येणार," काका म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर चढेल का ती?"

"ना, काका," गोणपाटवाला म्हणाला.

"मग छपरावर कशी दिसली होती?"

"ए तो पूर हतुं."

"म्हणजे पूर आला तर चढेल. आणि तुम्हाला सांगून ठेवतो," आता माझ्याकडे वळून, "मगर पहिल्या अनुसूचीत येते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पाळली तर आत जाल. मी साक्षीला येणार नाही."

शेवटी मी लेकीला बाहेर बोलावलं. म्हटलं, वाजवून दाखव गं, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे. आणि या कार्टीने, जिने आठवडाभर एक सूर धड काढला नव्हता, खालच्या सप्तकातला एक लांब, भरदार, गोल सूर काढला. जिना भरून गेला. जाळीवाला "वाह" म्हणाला.

काकांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "बघा! हा तर सूर आहे. मी ऐकलं ते हे नव्हेच. ते वॉशिंग मशीनच्या मागे असणार, तिथे ओल असते."

जाळीवाल्यांनी मशीन सरकवलं, दिवाणाखाली टॉर्च मारला. बायकोने न सांगता चहा टाकला. काका दारातून दिशा देत होते: "डावीकडे, डावीकडे, शेपूट दिसली तरी हात घालू नका."

पण काकांचं जाऊ द्या. माझा खरा राग त्या लिंकांवर आहे, आणि तो जरा अवघड राग आहे, कारण लिंका चांगल्या आहेत. आमच्या लहानपणी यातलं काहीही नव्हतं. म्युझिकथिअरी डॉट नेटवर स्वरलेखन वाचायचे धडे फुकट. म्यूझस्कोअर फुकट, संचलनाची धून त्यात टाकली की ते वाजवून दाखवतं. यूट्यूबवर वेग निम्मा केला तरी सूर उतरत नाही, फक्त शिकवणारा चार पेग घेतल्यासारखा बोलतो. तक्रार करायला जागा नाही, आणि त्यानेच जास्त चिडचिड होते.

पहिला धडा होता तीन सुरांचा, पाव विकणाऱ्याचं कुठलंसं इंग्रजी बालगीत. मी कौतुकाने माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, काढली. तिने सी वाजवला, मी पांढरी एक दाबली. जे निघालं ते ऐकून बायको स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन आली. कारण तिच्या हातातलं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं. कागदावर सी लिहिलेला असतो, निघते काळी पाच, म्हणजे पेटीवरचा बी फ्लॅट. ऑल्टो सॅक्सोफोनवर तीच काळी पाच जी म्हणून लिहितात. बासरीवाल्या मुलांचा मात्र बी फ्लॅट म्हणजे बी फ्लॅटच. परदेशी व्हिडिओतला बँडमास्तर "कॉन्सर्ट बी फ्लॅट" म्हणतो आणि समोरची सगळी मुलं आपापलं वेगळं बोट दाबून एक सूर काढतात. त्याच्यासमोर ती मुलं असतात, इथेच सगळं आलं. माझ्यासमोर एक मूल, एक पेटी आणि दर चार मिनिटांनी जाहिरात.

मग वरचं सप्तक. बासरीत जोरात फुंकलं की त्याच बोटांवर वरचा सा मिळतो, म्हणून मी तिला तसंच सांगितलं. पण क्लॅरिनेट वरचा सा सोडून थेट बाराव्या सुरावर उडी मारतं. नळी सरळ आणि एका बाजूने बंद असल्यामुळे, असं व्हिडिओतल्या बाईंनी हसतमुखाने समजावलं. त्यांना हसायला काय जातं, त्यांच्या वर काका राहत नाहीत. भोक अर्धवट झाकलं तर किंचाळी, रीड (तोंडाकडची वेताची पट्टी) चावली तर किंचाळी, बाजूच्या चावीला कोपर लागलं तर किंचाळी. नेमकी कशामुळे आली ते व्हिडिओ सांगत नाही, कारण तो तिच्याकडे बघतच नाही. सूर तपासायचं ॲप तिला कायम लाल दाखवतं. कुकरची शिट्टी तेवढी हिरवी आली.

ऑनलाइन तासाचीही सोय झाली एकदा. मीटिंगच्या त्या ॲपला माणसाचं बोलणं कळतं, लांब सूर मात्र पंख्याची घरघर वाटतो, आणि ते तो गाळून टाकतं. सरांना पडद्यावर फुगलेले गाल दिसत होते, आवाज शून्य. "व्हेरी गुड," सर म्हणाले.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! जिथे १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, पाठ्यपुस्तकं लिहिली, म्हणजे पोरांना काही लिहिलेलं हातात मिळावं हा विचार तेव्हाही होता. पण पुस्तकासोबत समोर मास्तरही होता. ती शाळा आज विद्यापीठाची फॅकल्टी होऊन सूरसागर तलावासमोर उभी आहे. तिच्यावरून आमची रिक्षा रोज जाते, आणि रिक्षात बसून माझी लेक ओहायोतल्या कुणा बाईंकडून ओठ कसे धरायचे ते बघते. फी आम्ही शाळेत भरतो. "संगीत व इतर उपक्रम" असं पावतीवर वेगळं छापलेलं असतं.

ओठांचं शेवटी गोणपाटवाल्याने सांगितलं. चहा पिताना तिच्या गालांकडे बघत म्हणाला, "मारा मामा बेन्डमां वगाडे छे. नीचेनो होठ दांत पर वाळवानो, गाल नई फुलाववाना." त्याने स्वतःचा ओठ दुमडून दाखवला, तिने दुमडला, त्याने मान हलवून "हजु थोडो" म्हटलं, तिने अजून थोडा दुमडला. वरच्या सप्तकाचे दोन सूर न किंचाळता निघाले. एवढंच करायला माणूस लागतो, आणि तो मला लग्नाच्या वरातीतून, मगरीमार्गे मिळाला.

मी त्याच रात्री ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं: आठवड्यातून एक तास, फक्त क्लॅरिनेटच्या मुलांसाठी, शाळेतच घेता येईल का? सरांनी अंगठा टाकला. त्याखाली नवीन लिंक. उघडली तर ट्रम्पेटची.

सकाळी ट्रम्पेटवाल्या मुलाच्या आईचा वेगळा मेसेज आला: "तुमच्याकडे मगरवाले आले होते ना? त्यांच्या मामांचा नंबर मिळेल का?"

मगरवाल्यांचा नंबर काकांकडे आहे. आणि काकांशी मी सध्या बोलत नाही.