बटण कुणाचं दाबलंय?

आम्ही हॅम, म्हणजे हौसेनं रेडिओवर बोलणारे. आमच्या रिपीटरवर एरवी कुणी फिरकत नाही. डोंगरावर बॅटरी आणि सोलर पॅनलच्या सोबतीनं तो एकटाच बसलेला असतो. १४५.१ मेगाहर्ट्झवर जे कानावर पडेल ते ६०० किलोहर्ट्झ वर सरकून १४५.७ वर गावभर सांगायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या वाड्यात अशी एखादी काकू असायचीच. सकाळी दोन-चार हॅम "चहा झाला का" विचारून जातात, की दिवसभर शुकशुकाट. पण एकदा का त्यावर खरखर सुरू झाली, की वर्षभर ज्यांचा आवाज ऐकला नाही तेही जागे होतात.

खरखरीचे प्रकार अनेक. शेजाऱ्याचा स्वस्तातला एलईडी दिवा, कुणाचा तरी चार्जर. त्यावर उपाय म्हणून रिपीटरला साडेअठ्ठ्याऐंशी हर्ट्झचा टोन लावलेला असतो. तो टोन पाठवणाऱ्यालाच दार उघडतं. म्हणजे दिवे आणि चार्जर बाहेर राहतात. आत येऊन त्रास देतात ती फक्त आपली माणसं. काहीजण नुसतंच बटण दाबून सोडतात आणि रिपीटरचा 'खट्' ऐकून खूश होतात. असा माणूस नाव सांगत नाही, कॉलसाइन म्हणजे रेडिओवरची आपली ओळखही सांगत नाही. त्याला बोलायचं काहीच नसतं.

त्या रविवारचा प्रकार मात्र वेगळा होता. सकाळपासून रिपीटरवर नुसती घुर्रघुर्र. तीन मिनिटं झाली की रिपीटरचा टायमर त्याला गप्प करायचा; कुणी बटण दाबून बसलं तर बॅटरी उतरू नये म्हणून ही सोय. समोरच्यानं बटण सोडल्याशिवाय तो पुन्हा तोंड उघडत नाही. पण इथं मध्येच क्षणभर खंड पडायचा आणि घुर्रघुर्र परत चालू.

मोबाइल बंद पडले तरी आम्ही बंद पडत नाही, हे आम्ही शाळाशाळांतून जाऊन सांगतो. १९९३ चा लातूरचा भूकंप, २००१ चा भूजचा, सगळे दाखले तोंडपाठ. रिपीटर अडकल्याबरोबर ही सगळी फौज व्हॉट्सअ‍ॅपवर जमली. एकाला हे डक्टिंग, म्हणजे हवेच्या थरांतून समुद्रावरून आलेला दूरचा सिग्नल वाटलं, एकाला परकीय शक्ती. एक म्हणाला, डब्ल्यूपीसीला, म्हणजे सरकारच्या वायरलेस खात्याला पत्र टाका. खजिनदारांना फक्त बॅटरीची काळजी. "आज अण्णा हवे होते," असंही कुणी लिहिलं. अण्णा आमच्यातले सर्वांत जुने हॅम. माईक कसा धरावा, बटण कधी सोडावं यावर दर आठवड्याला त्यांचं प्रवचन असतं.

मग बारीक कान देऊन ऐकल्यावर घुर्रघुर्रीच्या मागे टक्टक् ऐकू आली. इंडिकेटर! म्हणजे गाडी. आणि मध्येच पडणारा खंड म्हणजे रस्त्यातले खड्डे. माईक कशाखाली तरी दाबला गेलाय, गाडी आदळली की क्षणभर सुटतो, आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. महापालिकेनं रस्ते नीट ठेवले असते तर तीन मिनिटांत विषय मिटला असता. तेवढ्यात एका बाईंचा दबलेला आवाज आला, "पंधरा कसली, दहाला दे." हॅम रेडिओवर धंद्याचं बोलायला कायद्यानं बंदी आहे आणि इथं मेथीचा सौदा चालला होता!

मी आणि इंजिनिअरिंगचा एक पोरगा मार्केट यार्डाकडे निघालो. त्याच्याकडे पीव्हीसी पाइपवर सुताराच्या टेपच्या पट्ट्या बसवलेली यागी म्हणजे दिशा दाखवणारी अँटेना, माझ्याकडे साधा हँडसेट. त्याची पद्धत अशी: सेट छातीशी धरायचा, रिपीटरचं इनपुट लावायचं आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. सिग्नल सर्वांत कमी पडला की चोर आपल्या पाठीमागे. विज्ञान पक्कं आहे, पण पानटपरीसमोर एक पन्नाशीचा गृहस्थ डोळे मिटून स्वतःभोवती फिरतोय हे लोकांना पचत नाही. टपरीवाल्यानं न विचारता पाणी दिलं. एक आजीबाई पोराला म्हणाल्या, "टॉवर नको हं इथं, सांगून ठेवते."

"काका, आता तिप्पट लावा," पोरगा म्हणाला. जवळ गेलं की सिग्नल सगळीकडूनच जोरात येतो, दिशा कळत नाही. पण १४५.१ ची तिप्पट, म्हणजे ४३५.३ वर, त्याच सेटचा एक क्षीण पडसाद असतो आणि तो अगदी जवळूनच ऐकू येतो. लावलं. गाड्यांच्या रांगेत चार पावलं पुढे गेलो तर काटा चढला. समोर एक ओळखीची गाडी. पुढच्या सीटवर भाजीची पिशवी, पिशवीखाली माईकची वायर.

"अरे वा!" मागून आवाज आला. दोन्ही हातांत कांद्याच्या पिशव्या घेऊन अण्णा उभे. "फॉक्स हंट, लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ आहे होय आज? सकाळपासून रिपीटर लावून बसलोय, एक माणूस बोलेल तर शपथ! कुठं गेले सगळे?"

मी हँडसेट परत १४५.७ वर आणला, तर शुकशुकाट. गाडी उभी असल्यामुळे टायमरनं एव्हाना रिपीटर बंद पाडला होता. अण्णांनी दार उघडलं, कांदे सीटवर आदळले, आणि माईक क्षणभर सुटून पुन्हा दाबला गेला.

"आणि मला कुणी कळवलं का नाही?" अण्णांनी गाडीत वाकून विचारलं.

तोच प्रश्न डोंगरावरून जाऊन माझ्या हँडसेटमधून बाहेर आला, आणि पाठोपाठ अशी काही शिट्टी वाजली की टपरीवाल्यानं कान झाकले.